चळवळीतला माणूस आमदार झाला, तर त्याच्या हातात नेमकं काय येतं?

आमच्या इमारतीच्या मागे खाडी आहे, आणि खाडी व आमचं कुंपण यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा. सरकारी कागदावर त्याला ‘कांदळवन’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ‘खारफुटी’, आणि पलीकडच्या कोळीवाड्यातल्या मावशी नुसतं ‘तिवर’. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, तिथे रात्री टिपर यायला लागले. दीड-दोनच्या सुमाराला, दिवे मालवून, उलटे मागे घेत. आधी हायड्रॉलिकचा लांबलचक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मग सगळं डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, धडधडत खाली. सकाळी गॅलरीतून दिसायच्या फुटक्या लाद्या, कमोडचे तुकडे, भिजून दगड झालेली सिमेंटची पोती. तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, टोक केलेल्या पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी. त्या पेन्सिली गाडल्या गेल्या की झाड दोन-तीन महिन्यांत वाळतं. मग तिथे झाड नव्हतंच असं म्हणायला जागा होते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. पाटीलकाकू तावातावाने म्हणाल्या, “आता आपल्यातलाच कोणीतरी आमदार झाला पाहिजे. त्याशिवाय हे थांबायचं नाही.” सगळ्यांनी तळमजल्यावरच्या अनिकेतकडे पाहिलं. माहिती अधिकाराचे अर्ज, वॉर्ड ऑफिसच्या खेपा, फोटो काढणं, सगळं तोच करतो. तो शांतपणे म्हणाला, “काकू, होतो की आमदार. पण होऊन करू काय, ते तरी सांगा.”

मी बावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आहे. तरी त्या रात्री मला त्याला पूर्ण उत्तर देता आलं नाही. पुस्तकात एक वाक्य असतं, ‘आमदार कायदे करतात.’ ते खोटं नाही, पण त्यावर विसंबून आपण आमदाराकडे गेलो तर चुकीची गोष्ट मागतो आणि जी मिळू शकते ती मागायची राहून जाते. म्हणून अनिकेतला जे सांगायला हवं होतं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

कायदा कोण करतं?

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. त्यांपैकी मुंबईचे ३६, शहर जिल्ह्यातले १० आणि उपनगर जिल्ह्यातले २६. विधान परिषदेत आणखी ७८. कोणत्याही आमदाराला विधेयक मांडता येतं. मंत्र्यांखेरीज इतर सदस्याने मांडलेल्या विधेयकाला अशासकीय विधेयक म्हणतात. मांडता येतं, पण ते पास होणं फार दुर्मीळ. संसदेचंच पाहा. स्वातंत्र्यानंतर अवघी १४ अशासकीय विधेयकं कायदा होऊ शकली आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. त्यानंतर एकही नाही.

खरा कायदा आकार घेतो मंत्रालयात. विभाग मसुदा तयार करतो, विधी व न्याय विभाग त्यावरून हात फिरवतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि मंत्री तो सभागृहात आणतात. तोपर्यंत बहुमताची बेरीज ठरलेली असते. १९८५ साली संविधानात दहावं परिशिष्ट आलं, म्हणजे आपण ज्याला पक्षांतरबंदी म्हणतो ते. पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला आणि आमदाराने उलट मत दिलं, तर आमदारकी जाऊ शकते. घोडेबाजार रोखायला हे आणलं आणि त्याची गरजही होती. पण त्याचा एक परिणाम असा झाला की एखाद्या आमदाराला मनापासून वाटलं की हे विधेयक खाडीच्या मुळावर येणारं आहे, तरी मतदानाच्या वेळी त्याच्या मनाला फारशी जागा उरत नाही. बोलायला जागा आहे, दुरुस्ती सुचवायला आहे, विधेयक समितीकडे पाठवा असा आग्रह धरायला आहे. चळवळीतून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो इथे. रस्त्यावर तो स्वतःचा मालक होता. सभागृहात तो एका बाकावरचा एक आकडा असतो.

हे सगळीकडे असंच असतं असं नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात फ्रॅन पॅवली नावाच्या एक सदस्य होत्या. पेशाने शाळेतल्या शिक्षिका, त्यामुळे मला त्यांच्याविषयी जरा जास्तच जवळीक वाटते. अगोरा हिल्स हे त्यांचं गाव १९८२ साली स्वतंत्र नगर झालं आणि त्या तिथल्या पहिल्या महापौर झाल्या. पुढे राज्याच्या किनारपट्टी आयोगावर काम केलं आणि २००० साली राज्याच्या असेंब्लीवर निवडून आल्या. पहिल्याच टर्ममध्ये त्यांनी गाड्यांमधून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंवर मर्यादा घालणारं विधेयक आणलं. देशात तोवर कुठल्याच राज्याने असं केलेलं नव्हतं. मोटार कंपन्यांनी जंग जंग पछाडलं, तरी २००२ साली त्याचा कायदा झाला आणि लोक त्याला ‘पॅवली कायदा’ म्हणू लागले. कंपन्या कोर्टात गेल्या. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २००७ साली तो लागू करायला परवानगी नाकारली, ती २००९ मध्ये मिळाली. दरम्यान २००६ साली सभापती फाबियान नुन्येझ यांच्या जोडीने त्यांनी दुसरा कायदा करून घेतला. राज्याचं एकूण उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर आणायचं, असं त्यात होतं. राज्याने ते २०१६ मध्येच, चार वर्षं आधी, साधलं. त्याच वर्षी, राज्याच्याच सिनेटमधून, म्हणजे वरच्या सभागृहातून, निवृत्त होता होता, त्यांनी पुढचं उद्दिष्टही कायद्यात बसवलं: २०३० पर्यंत १९९० च्या पातळीपेक्षा ४० टक्के खाली.

एका शिक्षिकेला हे जमलं, मग आपल्याकडे का नाही? कारण घडणच वेगळी आहे. तिथे गव्हर्नर थेट लोकांमधून निवडून येतो, विधेयक पडलं म्हणून सरकार पडत नाही. त्यामुळे सदस्याचं मत त्याचं स्वतःचं असतं. विधेयकावर समितीसमोर जाहीर सुनावणी होते आणि सदस्याच्या हाताखाली अभ्यास करणारी माणसं असतात. आपल्याकडे सरकारच सभागृहातून तयार होतं. सभागृहात महत्त्वाच्या मतदानात हरलं तर सरकारच धोक्यात येतं, म्हणून व्हिप. आपल्या आमदारात धमक कमी आहे म्हणून असं होतं, हे मला मान्य नाही. त्याची ताकद वेगळ्या जागी ठेवलेली आहे. ती कुठे, ते पुढे येतंच.

डेब्रिजचा एक ढीग, पाच-सहा कार्यालयं

आधी हे पाहू की आमच्या मागच्या ढिगाऱ्याचा मालक कोण.

पर्यावरण संरक्षण कायदा केंद्राचा, १९८६ चा. त्याच्याखाली किनारपट्टीच्या क्षेत्राचे नियम आले, ज्याला आपण सगळे सीआरझेड म्हणतो. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. वनं हा विषय मूळ संविधानात राज्याकडे होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची मान्यता लागू लागली. म्हणजे वरचं छप्पर दिल्लीचं.

त्याखाली राज्य. सीआरझेडची प्रकरणं पाहायला सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे. तिवरांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, २०१२ साली स्थापन झालेला. जमीन सरकारी असेल तर जिल्हाधिकारी. आणि त्याखाली महापालिका, कारण डेब्रिज कुठे टाकायचं, नाला कोणी साफ करायचा, रस्त्यावरचं झाड कोणी तोडू द्यायचं हे तिच्याकडे. झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे आणि त्यानुसारच्या वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष पालिका आयुक्त असतात, आमदार नव्हे. रात्री टिपर पकडायचा म्हटलं तर पोलीस.

आणि या सगळ्यांच्या वर न्यायालय. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरं तोडायला आणि त्यांच्या आसपास ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालात तर स्पष्ट म्हटलं की कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या संविधानातल्या २१ व्या कलमाखालच्या हक्कावरचा घाला आहे. आमच्या मागचा पट्टा आज जो काही शिल्लक आहे तो मुख्यतः या आदेशाच्या बळावर. तो आदेश मिळवणारे लोक आमदार नव्हते, वर्षानुवर्षं तारखांना हजर राहणारे कार्यकर्ते आणि वकील होते.

मग आमदार कुठे बसतो? यातलं एकही टेबल त्याचं नाही. पण राज्याच्या अखत्यारीतल्या प्रत्येक टेबलाला तो प्रश्न विचारू शकतो आणि त्याचं उत्तर टाळता येत नाही. आपण अर्ज दिला तर शिक्का मारून आवक क्रमांक मिळतो. आमदाराने विचारलं तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं आणि खोटं निघालं तर अंगलट येतं. माझ्या मते आमदारकीचा गाभा इथे आहे.

‘हे खरे आहे काय?’

विधानसभेचा तारांकित प्रश्न कधी वाचला नसेल तर एकदा जरूर वाचा. त्याची भाषा ठरलेली असते. संबंधित मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग एक, अमुक ठिकाणी अमुक तारखेला अमुक झाले, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले. तीन, तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटी ते सुंदर वाक्य: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

वरवर कोरडी वाटते, पण ही भाषा फार विचारपूर्वक बांधलेली आहे. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ यांच्यामधून मंत्र्याला निसटायला वाट ठेवलेली नसते. अर्थात उत्तर देणारं खातंही मुरलेलं असतं. उत्तर चार प्रकारचं येतं. ‘होय, हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही.’

चळवळीतून आलेल्या आमदाराचं कसब इथे दिसतं. ‘मुंबईतील खारफुटीचा ऱ्हास होत आहे, हे खरे आहे काय’ असा प्रश्न गेला, तर खातं निवांतपणे ‘हे खरे नाही’ लिहून मोकळं होतं, कारण एकूण मुंबईचा आकडा काढून दाखवणं त्यांना सोपं असतं. पण प्रश्नात भूमापन क्रमांक असेल, तारीख असेल, वॉर्ड ऑफिसला दिलेल्या तक्रारीचा आवक क्रमांक असेल, तर ‘खरे नाही’ म्हणायला कोणाचा हात धजावत नाही. आणि हे सगळं ज्याच्याकडे तयार असतं तो कोण? बारा वर्षं फाइल सांभाळणारा अनिकेतसारखा कार्यकर्ता. मोर्चे, घोषणा, उपोषणं यांचं सभागृहात काही चालत नाही. फाइल मात्र चालते.

तारांकित म्हणजे तोंडी उत्तर. त्यावर उपप्रश्न विचारता येतात आणि खरी झुंज तिथेच होते, कारण मंत्र्याला खात्याने लिहून दिलेल्या कागदाबाहेर बोलावं लागतं. पण प्रश्नोत्तराचा तास म्हणजे तासच. मी एकदा प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले होते. पास काढावा लागतो, मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. तासाभरात जेमतेम चार-पाच प्रश्न झाले. यादीत खाली असलेल्यांची वेळ येत नाही, त्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवली जातात. कोणाचा प्रश्न वर लागेल हे बऱ्याच अंशी नशिबावर. अतारांकित प्रश्नाला तर लेखीच उत्तर असतं. त्याला कमी लेखतात, पण माझ्या मते ते चूक आहे. लेखी उत्तर कोर्टात जोडता येतं.

मग लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली मांडतात. ‘तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबी’साठी. डेब्रिज पडतंय ते आत्ता, तीन महिन्यांनी नव्हे, असं वाटलं की हा मार्ग. मंत्री निवेदन करतात, सदस्य प्रश्न विचारतात, आणि कोंडी झाली की मंत्री म्हणतात, ‘एका महिन्यात चौकशी करून कारवाई करू.’

हे वाक्य ऐकून बहुतेक जण समाधानाने खाली बसतात. मुरलेला आमदार बसत नाही. कारण सभागृहात दिलेलं ते वाक्य म्हणजे आश्वासन, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते. समिती सचिवांना बोलावून विचारू शकते, तुमच्या मंत्र्यांनी अमुक दिवशी सभागृहाला शब्द दिला होता, त्याचं काय झालं. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, तिथे कॅमेरे नसतात आणि म्हणून पक्षांचा अभिनिवेशही जरा कमी असतो. कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालावर बसणारी लोकलेखा समिती तशीच. मी अनिकेतला सांगितलं, तू खरंच कधी तिकडे गेलास तर मंत्रिपदाच्या मागे लागण्याआधी चांगली समिती माग.

आमदार निधीचा उल्लेख केला पाहिजे, कारण लोक पहिल्यांदा तोच विचारतात. वर्षाला ५ कोटी. रस्ते, गटारं, शौचालयं, व्यायामशाळा. त्यातून खाडी वाचत नाही.

अधिसूचनेकडे लक्ष ठेवा

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी कधी आली? बहुतेक जण २०१८ म्हणतील. बरोबर आहे, २३ मार्च २०१८. पण त्या दिवशी विधिमंडळाने नवा कायदा केलेला नव्हता. कायदा २००६ चा, विघटन न होणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा. २००५ च्या पुरानंतर गटारांत अडकलेल्या पिशव्यांची जी चर्चा झाली, त्या काळातला. त्या कायद्याने सरकारला दिलेला अधिकार वापरून बारा वर्षांनी पर्यावरण विभागाने अधिसूचना काढली आणि एका रात्रीत भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळ्यांचं वागणं बदललं. पुढे त्यात सवलतीही अधिसूचनेनेच आल्या.

म्हणजे दात अधिसूचनेत आणि नियमांत असतात, आणि ते हळूच काढलेही जाऊ शकतात. ज्या आमदाराला सीआरझेडच्या तिन्ही अधिसूचनांमधला फरक तोंडपाठ आहे, त्याला खातं वचकून असतं. २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात बदल झाला, ५० वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून संरक्षण आलं, मोठ्या संख्येने झाडं तोडायची तर राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे जावं लागेल असं ठरलं. बातमीत हे दोन ओळींत संपतं. पण झाडाचं वय कोण मोजणार, कोणत्या पद्धतीने, त्यावर हरकत कुठे घ्यायची, हे नियमांत ठरतं. तिथे जागं राहणारं कोणी सभागृहात असेल तरच एखादा जुना वड वाचण्याची आशा.

गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या झाडांचं प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला स्थगिती दिली तोपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. नंतर सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या कामाला स्थगिती दिली, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. एका घोषणेने आलेली गोष्ट दुसऱ्या घोषणेने गेली. पण त्याच काळात आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याच्या प्रक्रियेत गेली आणि वन विभागाकडे आली. ती सरकार बदललं म्हणून अशी सहज परत फिरवता येत नाही, कारण त्यामागे वन कायदा उभा आहे. आरे वाचलं की गेलं यावर लोक अजून भांडतात. मला त्यातून एवढंच दिसतं की चांगला हेतू असलेल्या मंत्र्याच्या हातात अडीच वर्षं आली, तर त्याने पत्रकार परिषदेपेक्षा राजपत्रात जास्त वेळ घालवावा.

मतं कोण देणार?

आता अवघड भाग. खाडी मत देत नाही.

२०१४ साली मेधा पाटकर ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. मुंबईतल्या विस्थापितांसाठी इतकी वर्षं घालवलेल्या बाई. संकटात लोक ज्यांना बोलावतात त्यांनाच मत देतात असं नाही. मत देताना माणूस पाहतो की सकाळी नळाला पाणी कोण आणणार.

आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात एखादी सकाळ बसून बघा. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गणपती आणि कॅलेंडर, टेबलाशी पीए. पाण्याचा प्रेशर कमी आहे, नातवाला शाळेत प्रवेश हवा, केईएममध्ये खाट मिळत नाही, झोपडपट्टी पुनर्वसनाचं (एसआरएचं) भाडं थकलंय, सोसायटीतल्या आंब्याची फांदी छाटायला परवानगी हवी. यातली निम्मी कामं नगरसेवकाची. पण मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, त्या काळात २२७ नगरसेवकांचा भार आमदारांच्या दारात येऊन पडला. या रांगेत तिवरांची फाइल घेऊन उभा असलेला माणूस एकटाच असतो.

आणि त्याहून अवघड. तिवरांच्या कडेला झोपड्या आहेत. भराव टाकून जागा तयार करणारे वेगळे असतात, त्यांची नावं कुठल्या कागदावर येत नाहीत. तिथे राहायला आलेली कुटुंबं वेगळी, ती पैसे मोजून आलेली असतात आणि तोडक कारवाई झाली की रस्त्यावर येतात. गॅलरीतून खाडी बघणाऱ्या आमच्यासारख्यांनी ‘अतिक्रमण हटवा’ म्हणणं सोपं आहे. पर्यावरणवादी आमदार नुसता तेवढंच म्हणाला तर तो आमचा आमदार होतो, त्यांचा नाही. आणि त्याने तसं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

यातून वाट काढलेली एक बाई मुंबईने पाहिली आहे. मृणाल गोरे. त्या काळात पर्यावरण हा शब्द कोणी वापरत नव्हतं. गोरेगावच्या वस्त्यांत पाणी नव्हतं, त्यांनी पाणी धरलं. १९६१ साली नगरसेविका, १९७२ साली आमदार. त्याच सुमाराला महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे. १९७७ साली खासदार झाल्या तेव्हाची घोषणा जुन्या मुंबईकरांना अजून आठवते, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. १९८५ साली पुन्हा विधानसभेत. त्यांच्या कारकिर्दीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो क्रम. आधी हंडा-कळशीची रांग, मग त्या रांगेतल्या बायकांसकट वॉर्ड ऑफिस, मग सभागृह. सभागृहात त्या बोलायच्या तेव्हा मागे ती रांग उभी असायची आणि समोरच्याला ती दिसायची.

मुंबईत पर्यावरण म्हणजे शेवटी पाणीच आहे, नळातलं आणि घरात शिरणारं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नाला नसून नदी आहे हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. आमच्या पलीकडच्या झोपड्यांत पाणी आधी शिरतं, आमच्या तळमजल्यावर नंतर. तिवरांचा पट्टा भरतीचं पाणी अडवून धरतो, तो बुजला की पाणी आधी त्यांच्या चुलीपर्यंत जाणार. कोळीवाड्यातल्या मावशींना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. “तिवर गेला तर निवट्या गेल्या, खेकडे गेले, मग आमी काय खावाचा?” असं त्या सरळ म्हणाल्या. त्या, झोपड्यांतल्या बायका आणि आमची सोसायटी, अशी तिघांची सही एका अर्जावर घ्यायला अनिकेतला चार महिने लागले. मला वाटतं त्या चार महिन्यांत तो आमदारकीचा पहिला धडा शिकला, निवडणूक न लढवता.

आमच्या ढिगाऱ्याचं काय झालं

अनिकेत आमदार झाला नाही. आम्ही आहे त्या आमदारांकडे फाइल घेऊन गेलो. अर्ज नेला नाही, प्रश्नाचा तयार मसुदा नेला. तारखा, फोटो, सहा आवक क्रमांक, जागेचा भूमापन क्रमांक, सगळं त्यात. त्यांनी तो जवळजवळ तसाच पाठवला. उत्तर आलं ‘हे अंशतः खरे आहे’. पाटीलकाकू रागावल्या, पण मी आणि अनिकेतने एकमेकांकडे पाहिलं. ज्या कार्यालयाने आम्हाला दोन वर्षं ‘असा कोणताही प्रकार आढळून आला नाही’ असं लिहून दिलं होतं, त्यांनी आता छापील कागदावर पंचनाम्याची तारीख दिली होती. पुढे चर्चेत आश्वासन मिळालं: तिथे लोखंडी फाटक आणि सीसीटीव्ही बसवू.

फाटक बसलं. टिपर बंद झाले, निदान आमच्या बाजूचे. जुना ढिगारा अजून तिथेच आहे, पण त्याच्या कडेने या पावसाळ्यात पेन्सिलीएवढी मुळं पुन्हा वर आलेली मी रोज सकाळी मोजते. सीसीटीव्हीसाठी खांब उभा केला, त्यावर कॅमेरा मात्र नाही. वर फक्त दोन वायरी लोंबतात आणि त्यावर खंड्या येऊन बसतो.

काल संध्याकाळी अनिकेत वही घेऊन वर आला. “मॅडम, शुद्धलेखन तपासून द्या,” म्हणाला. त्याने लिहिलं होतं:

(१) सदर ठिकाणी सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याबाबत शासनाने सभागृहात आश्वासन दिले होते, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, त्याकरिता खांब उभारूनही त्यावर अद्याप कॅमेरा बसविण्यात आलेला नाही, हेही खरे आहे काय;

(३) असल्यास, कॅमेरा किती कालावधीत बसविण्यात येणार आहे;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?